टीचभर भाकरी, वीतभर शंका

मागच्या अंकात पॉलिमर क्लेच्या (ओव्हनमध्ये भाजून पक्की होणारी, मळता येणारी प्लास्टिकची रंगीत ‘माती’) इवल्याशा वडापावाबद्दल चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीग पडला. निम्मी पत्रं तक्रारीची: जळलं, चिकटलं, मोडलं, कुत्र्यानं नेलं. (कुत्र्याचं काही करता येणार नाही.) चौदा वर्षं मी डोंबिवलीतल्या आमच्या मागच्या बाल्कनीत बसून रुखवताची ताटं आणि फ्रिजवरची मॅग्नेटं करते आहे. तुमच्यापैकी कोणीही केलेली चूक मी आधी केलेली आहे, तेव्हा लाजू नका. जमतील तेवढी पत्रं इथे घेतली आहेत.

भाचीच्या रुखवतासाठी पिठलं-भाकरी-ठेच्याचं छोटं ताट केलं. सगळं जागच्या जागी आहे, रंगही बरोबर वाटतात, पण पाहणारा म्हणतो, ‘छान खेळणं आहे’. भाकरी भाकरीसारखी का दिसत नाही?
— रुखवतवाली मावशी, कऱ्हाड

मावशी, तुम्ही पाठवलेला फोटो मी भिंग लावून पाहिला. पहिला घोटाळा मापाचा आहे. तुमची लिंबाची फोड ठेच्याच्या वाटीएवढी झाली आहे आणि कांदा भाकरीच्या निम्मा. बारकावा कमी असला तर डोळा माफ करतो, माप चुकलं तर करत नाही. आधी एक प्रमाण ठरवा आणि कागदावर लिहून समोर चिकटवा. बाहुलीघरांचं जगभर चालणारं माप म्हणजे एकास बारा, एका फुटाचा एक इंच. ज्या लुटियन्सनं नवी दिल्ली आखली, त्यानंच १९२१ ते १९२४ या काळात इंग्लंडच्या राणी मेरीसाठी बाहुलीघर उभारलं, तेही याच मापाचं. पण त्या मापात ३० सेंटिमीटरचं ताट अडीच सेंटिमीटरचं होतं आणि मोहरी दिसेनाशी होते. रुखवतात लोक दोन हात लांबून बघतात. तुम्ही एकास सहा धरा: ताट ५ सेंटिमीटर, भाकरी सव्वातीन, वाटी दीड. घरातली खरी भांडी पट्टीनं मोजा आणि सहानं भागा. अंदाजानं करू नका, अंदाज नेहमी लिंबाच्या बाजूनं झुकतो.

आता भाकरी. पाकिटातला ‘बेज’ रंग तुम्ही तसाच वापरलाय. ज्वारीच्या भाकरीचा रंग बेज नसतो. तो पांढराच असतो, फक्त थोडा मळलेला. चार भाग पांढरी क्ले, दोन भाग ट्रान्सलुसंट (अर्धवट आरपार दिसणारी, बिनरंगाची), चिमूटभर बेज आणि खसखशीच्या दाण्याएवढी काळी. काळी यापेक्षा जास्त पडली तर भाकरी बाजरीची होते, मग तसंच सांगून मोकळं व्हायचं. ट्रान्सलुसंट मात्र विसरू नका. खऱ्या पिठात उजेड थोडासा आत शिरतो, नुसत्या पांढऱ्या क्लेवरून तो परत फिरतो. ‘खेळणं’ दिसतं ते यामुळे.

गोळी करून लाटू नका, थापा. अंगठ्याच्या पेरानं, मधून कडेकडे. कडेला आपोआप बारीक चिरा पडतात, त्या पुसू नका. आमच्या सासूबाई म्हणायच्या, चिरा पडल्या की पाणी कमी पडलं. इथे त्याच हव्यात. मग चहाच्या पुडीतला चंदेरी कागद चुरगाळून त्याची गोळी करा आणि भाकरीवर हलक्या हातानं फिरवत दाबा. टूथब्रशचे ठसे पावाच्या आतल्या भागाला शोभतात, भाकरीला नाही.

भाजल्याचे डाग रंगानं काढायचे नाहीत. सुके पेस्टल खडू ब्लेडनं खरवडून पूड करा (तेलकट खडू चालत नाहीत) आणि कच्च्या क्लेवरच कोरड्या ब्रशनं लावा. आधी तपकिरी, मग फक्त उंचवट्यावर काळी, आणि तीही मधोमध जास्त, जिथे भाकरी फुगून तव्याला किंवा जाळाला लागते. सगळीकडे सारखे ठिपके दिले की चित्त्याची भाकरी होते.

आणि पापुद्रा! तोच राहिलाय तुमचा. कागदाएवढा पातळ दुसरा थर करून भाकरीवर ठेवा, दोन तृतीयांश भाग चिकटवा, उरलेल्या कडेखाली चंदेरी कागदाची छोटी घडी सरकवा आणि तशीच भाजा. गार झाल्यावर चिमट्यानं कागद ओढून घ्या. पापुद्रा उचललेलाच राहतो. तो दिसला की माणूस हात पुढे करतो. माझ्या एका ताटातली भाकरी वरपक्षाच्या आजोबांनी खरोखर मोडून पाहिली होती.

पिठल्याला लिक्विड क्ले घ्या. ही पातळ, मधासारखी मिळते आणि भाजल्यावर घट्ट होते. त्यात पिवळ्याबरोबर थोडा मातकट रंग हवा. बेसनाचा पिवळा आणि हळदीचा पिवळा वेगळे. आधी भाजलेल्या पिवळ्या क्लेचा तुकडा नेलफाइलवर घासून भुगा करा आणि तो मिसळा, म्हणजे पिठल्याला गाठी येतात. खऱ्या आयुष्यात नको असतात, इथे हव्या. वर चमक देऊ नका. फोडणीच्या तेलाएवढा एकच थेंब वार्निश एका बाजूला.

कांद्याच्या गोल चकत्या केल्यात, त्या हॉटेलच्या ताटात ठीक. पिठलं-भाकरीबरोबर कांदा बुक्कीनं फोडतात. ट्रान्सलुसंटमध्ये थोडी पांढरी मिसळून बारीक गोळी, तिच्यावर पातळ थर, अजून एक थर, सर्वात वर जांभळ्या-गुलाबी रंगाचा. दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून कडक करा आणि सुईनं उकलून फोडा. पाकळ्या सुट्या होतात, एखादी ताटात लांब पडू द्या.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) १३० अंशांवर अर्धा तास ठेवलं. वीस मिनिटांत वडे काळे, पाव तपकिरी, घरभर डोळे चुरचुरणारा वास. माझं काय चुकलं?
— जळके वडे, कोथरूड, पुणे

तुमचं काही नाही, काट्याचं चुकलं. ओटीजीच्या बटणावर १३० लिहिलेलं असतं, आत काय चाललंय ते त्या बटणाला ठाऊक नसतं. कॉइल लाल होते तेव्हा तिच्याजवळ तापमान कितीतरी वर उडी मारतं, मग खाली येतं. केकला त्याचं काही वाटत नाही, बोटाच्या पेराएवढ्या वड्याला वाटतं. माझी पहिली मोठी ऑर्डर चोवीस वडापावांची होती. चोवीसच्या चोवीस मी बाल्कनीतून खाली कुंडीत पुरले आहेत.

आत ठेवायचा थर्मामीटर वेगळा विकत घ्या. महाग वाटेल, पण दोन वाया गेलेल्या घाण्यांपेक्षा स्वस्त पडतो. फरशीचा, म्हणजे ग्लेझ्ड टाइलचा, तुकडा आत ठेवून ओव्हन पंधरा-वीस मिनिटं आधी तापवा. टाइल उष्णता धरून ठेवते, चढउतार कमी होतात. वस्तू टाइलवर, मधल्या खाचेत, कॉइलपासून दूर. वरून फॉइलचा तंबू करा, वस्तूला न टेकवता. आणि अंश माझ्या लेखातून घेऊ नका, पाकिटावरून घ्या. फिमो नावाच्या क्लेच्या पाकिटावर ११० लिहिलेलं असतं, स्कल्पी कंपनीच्या प्रीमो क्लेवर १३०. वेळ जाडीवर: साधारण ६ मिलिमीटरला अर्धा तास. जास्त वेळानं बिघडत नाही, जास्त तापानं बिघडतं. उलट चाळीस-पंचेचाळीस मिनिटं ठेवलं तर वस्तू चिवट होते.

वासाबद्दल गंभीरपणे सांगते. ही क्ले पीव्हीसीची असते. पार करपली की तिच्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, तोच डोळ्यांना आणि घशाला झोंबतो. लगेच ओव्हन बंद, खिडक्या उघड्या, मुलं आणि पिंजऱ्यातला पक्षी असेल तर तो, बाहेर. मायक्रोवेव्हमध्ये तर कधीच नाही. माझा क्लेचा ओटीजी वेगळा आहे, जुना, दाराची मूठ दोरीनं बांधलेला. एकच असेल तर झाकणाच्या ट्रेमध्ये भाजा आणि नंतर आतून पुसून घ्या. क्लेला वापरलेलं कातण, सुरी, लाटणं परत स्वयंपाकात नेऊ नका, कितीही धुतलं तरी.

मी गावच्या कुंभारआळीत वाढलो. नातवाची ही ‘क्ले’ हातात घेतली तर मातीचा वासच नाही. ही कुठल्या नदीची?
— एक आजोबा, संगमेश्वर

आजोबा, नदीची नाही, कारखान्याची. नळाच्या पाइपचं प्लास्टिक असतं ना, त्याचीच बारीक पूड, ती मऊ राहावी म्हणून घातलेलं तेलासारखं द्रव्य आणि रंग. तापवलं की पूड एकमेकांत वितळून एकजीव होते. म्हणून ती हवेवर वाळत नाही, वर्षभर उघडी ठेवली तरी. नाव क्लेचं, कुळी पाइपची. जर्मनीत बाहुल्या करणाऱ्या केथे क्रूझ यांच्याकडे हा माल बाहुल्यांच्या डोक्यांसाठी आला, तिथे काही जमला नाही, पण त्यांच्या लेकीनं त्यावर हात चालवून त्याचं मॉडेलिंगचं साहित्य केलं. १९६४ मध्ये ते एबरहार्ड फाबर कंपनीनं घेतलं आणि पुढे फिमो नावानं बाजारात आणलं. लेकीचं घरचं नाव फिफी होतं.

तुमच्या कोकणातच सावंतवाडीला लाकडाची रंगवलेली फळं होतात. नातवाला एकदा चितारआळीत न्या. आंब्याच्या देठाजवळ हिरव्यातून पिवळा कसा उतरवतात ते त्याला बघू द्या, क्लेच्या आंब्याला तेच करायचं असतं.

मे महिन्यात मागवलेली क्ले कुरिअरनं आली ती दगड. मळताना चुरा होतो. फेकू?
— उन्हाची झळ, नागपूर

तुमच्याकडच्या ४५ अंशांत बंद गाडीत दोन दिवस फिरली असेल तर ती थोडी भाजूनच आली आहे. फेकू मात्र नका. चिरून बारीक तुकडे करा, बेबी ऑइलचे दोन-तीन थेंब किंवा थोडी लिक्विड क्ले घाला, पिशवीत घालून वरून लाटणं फिरवा आणि मग मळा. वीस मिनिटांनी एकजीव झाली तर जिंकलात. खोडरबराच्या भुग्यासारखे कण उरलेच तर तो गोळा भाजून किसून ठेवा: चिवडा, भेळ, मिसळीवरचं फरसाण. माझ्याकडे अशा चुऱ्याच्या सात बाटल्या आहेत, नव्या क्लेपेक्षा त्याच जास्त संपतात.

उलट क्ले चिकट आणि लोण्यासारखी झाली असेल तर दोन कोऱ्या कागदांत चपटी करून वर जाड पुस्तक ठेवा. कागदावर तेलकट डाग उमटतो, क्ले ताळ्यावर येते. उन्हाळ्यात डबा फ्रिजमध्ये ठेवा. डब्याखाली त्रिकोणात ५ आकडा आहे का बघा, त्या प्लास्टिकला क्ले काही करत नाही. थर्माकोलवर किंवा कडक पारदर्शक प्लास्टिकवर कच्ची क्ले ठेवलीत तर ती त्यालाच खाते आणि तिथेच रुतून बसते.

इथल्या मंडळाच्या गणपतीसाठी उकडीच्या मोदकांची पन्नास मॅग्नेटं करते आहे. कळ्या नीट येत नाहीत, लसणासारखा दिसतो. आणि आमच्या ओव्हनचा काटा १७० पासून सुरू होतो, म्हणून १७० वर वीस मिनिटं भाजले, तर हात लावताच मोडले!
— मोदकवाली, एडिसन, न्यू जर्सी

अहो, तुमचा काटा फॅरनहाइटचा! मी लिहिलेले अंश सेल्सियसचे. १७० फॅरनहाइट म्हणजे जेमतेम ७७. त्यात क्लेला नुसता घाम येतो. सगळे मोदक टाकू नका, न मोडलेले तसेच २७५ फॅरनहाइटला अर्धा तास पुन्हा भाजा, पक्के होतील. कमी भाजलेलं पुन्हा भाजता येतं, हाच या कामातला मोठा दिलासा. तुमच्या पाकिटावर दुसरा आकडा असेल तर तो पाळा.

आता लसूण. तुम्ही सुईच्या टोकानं रेघा ओढताय, त्यामुळे खाच पडते आणि दोन खाचांमधला भाग फुगून कुडी दिसते. सुई आडवी धरा. तळापासून टोकाकडे सुईची अख्खी लांबी मोदकाला टेकवायची आणि अलगद दाबायची, ओढायचं नाही. शिवणाची सुई रिकाम्या रिफिलमध्ये खोचली की धरायला मूठ मिळते. आधी समोरासमोर चार दाब, मग प्रत्येक दोहोंच्या मध्ये एक, झाल्या आठ. मॅग्नेटच्या मोदकाला पुन्हा मध्ये एकेक देऊन सोळा करता येतात. एकवीसच्या हट्टाला पेटू नका, तो खऱ्या उकडीवर करा. शेवटी वरचं टोक दोन बोटांत धरून किंचित पिळा. कळ्या तिथे एका बाजूला वळतात, आणि लसूण जाऊन मोदक येतो.

रंग एक भाग पांढरा, तीन भाग ट्रान्सलुसंट, मोहरीएवढा पिवळा. उकडीच्या पातळ भिंतीतून सारण जाणवतं ना, तसं हवं असेल तर आत तपकिरी-केशरी क्लेची बारीक गोळी ठेवून वर पातळ पारी घ्या. भाजल्यावर ती पुसटशी दिसते. ट्रान्सलुसंटमध्ये कधी चंद्रकोरीसारखे पांढरे डाग उमटतात, आत हवा आणि ओल राहिल्यानं. हात कोरडे ठेवा, मळताना घडीत हवा कोंडू नका. ओव्हनमधून काढल्या काढल्या बर्फाच्या पाण्यात सोडले तर पारदर्शकपणा वाढतो. पन्नासही एकदम नको, आधी एक.

आणि पांढरं काम सकाळी आधी उरका, मग लाल, काळं. गडद रंगाचा लोकरी स्वेटर घालून पांढऱ्या क्लेला बसू नका, दर मोदकात एक केस सापडेल. शेजारी बाळाचे ओले वाइप्स ठेवा. मोदकाचं वजन लोहचुंबकाला सोसावं म्हणून दोन नळ्यांचा इपॉक्सी गोंद वापरा, झटपट चिकटणारा गोंद फ्रिजच्या दाराच्या आपटण्यानं सुटतो.

रसगुल्ले चमकावेत म्हणून बिनरंगाची नेलपॉलिश लावली. महिन्यात चिकट झाले, धूळ बसली.
— सोलापूर

हे मी एका नवरीच्या रुखवतात करून बसले आहे. लग्नात वाहवा झाली, दिवाळीला तिच्या आईचा फोन आला की जिलबीला मुंगी चिकटली आहे. नेलपॉलिशमधलं द्रावण क्लेला मऊ करतं, बरेचसे स्प्रेही तेच करतात. वरचा थर आता काढता येणार नाही, नवीनच करा. पाण्यात विरघळणारं ॲक्रिलिक किंवा पॉलियुरेथेन वार्निश आणा. पाक, रस्सा, तर्री यांना यूव्ही रेझिन (अतिनील दिव्याखाली घट्ट होणारा पारदर्शक रस) चांगलं, मात्र ते हातमोजे घालून आणि उघड्या खिडकीशी. मिसळीच्या तर्रीला त्यात लाल रंगाचा सुईच्या टोकाएवढाच थेंब, नाहीतर सरबत होतं.

मी ११ वर्षांची आहे. दुकानातून ‘पॉलिमर क्ले’ आणली, आईनं ओव्हनमध्ये भाजली तर फुगली आणि तडे गेले. पाकीट खूप हलकं होतं. आता पैसे संपले. मला भातुकलीत वरण-भात करायचा आहे.
— भातुकलीवाली, श्रीरामपूर

अगं, तुला दुकानदारानं दुसरीच क्ले दिली. हलकी, कापसासारखी दाबली जाणारी ती हवेवर वाळणारी. ती भाजायची नसते, चोवीस तास नुसती ठेवायची असते. पुढच्या वेळी पाकिटावर भाजायचे अंश लिहिलेत का ते वाच. नसतील तर ती पॉलिमर नाही.

पैसे संपले तरी भात होईल. अर्धी वाटी कॉर्नफ्लोअर, अर्धी वाटी पांढरा फेव्हिकॉल, चमचाभर लिंबाचा रस, चमचाभर बेबी ऑइल. आईला जुनं पातेलं मागून मंद आचेवर हलवायला सांग. तू फक्त बघ. गोळा कडेनं सुटून आला की उतरवायचं, कोमट झाल्यावर मळायचं आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवायचं. वाळताना हा गोळा आक्रसतो, म्हणून सगळं थोडं मोठं कर.

भाताची शितं एकेक करायची. केसाएवढी वळी वळ, ब्लेडनं कापायला आईला सांग, कापल्यावर दोन्ही टोकं बोटात किंचित फिरव. सगळी शितं सारखी नकोत, काही मोडकी असू देत. मूद पाडायची तर पेनाच्या टोपणाला आतून तेल लाव, शितं भर, दाब आणि उलटं कर. वरणासाठी फेव्हिकॉलमध्ये थोडा पिवळा पोस्टर रंग घालून मुदीच्या डोक्यावर एकच थेंब सोड, तो आपोआप एका बाजूनं ओघळेल. तुपाला वेगळं काही नको, फेव्हिकॉल वाळला की चकाकतो. भातुकलीची स्टीलची ताटली घे. फोटो काढलास तर शेजारी एक रुपयाचं नाणं ठेव, म्हणजे मला माप कळेल.